न्यू ऑर्लिन्स : चाळिशीतले दोन पुरुष, तीन रात्री. मदत हवी आहे

बायूकाठी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा, बारा वर्षं ह्यूस्टनात. माझा नवरा तेलुगू, विजयवाड्याचा. (हो, नवरा. २०१६ मध्ये इथल्या कोर्टात लग्न केलं, साक्षीदार त्याच्या ऑफिसातल्या दोघीजणी. भारतात गेलो की आम्ही रूममेट.) इतक्या वर्षांत आम्ही न्यू ऑर्लिन्सला गेलेलो नाही. आय-१० महामार्ग पकडला की सरळ साडेतीनशे मैल, पण प्रत्येक वेळी काही ना काही आडवं आलं. यंदा जायचंच.

अडचण अशी की आम्ही दोघंही रात्री दहाला जांभया देणारे. नाचता दोघांनाही येत नाही. गे बारमध्ये शेवटचं गेलो त्याला दहा वर्षं झाली असतील. तिथे सगळी पंचविशीतली पोरं होती आणि बारवाल्याने मला 'सर' म्हटलं, त्यानंतर हिंमत केली नाही. तर प्रश्न :

लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीत तिथे सदर्न डेकडन्स नावाचा गे लोकांचा मोठा उत्सव असतो म्हणे. तेव्हा जावं की तेव्हा नेमकं टाळावं? दक्षिणेतलं राज्य आहे, दोन सावळ्या पुरुषांनी रस्त्यात हात धरला तर काय होतं? आणि मी अंडं खातो, मांस-मासे नाही. उपाशी मरेन का?

कडीपत्ता

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तोच महत्त्वाचा. मराल. :)

गंमत सोडा. गंबोत (तिथलं दाट कालवण) सॉसेज किंवा कोळंबी असणारच. सोमवारी घरोघरी 'रेड बीन्स अँड राइस' असतं, बघून वाटतं अहाहा राजमा-चावल, पण त्यात डुकराचं हाड शिजलेलं असतं. विचारल्याशिवाय खाऊ नका. बेन्ये मात्र मनसोक्त खा. चौकोनी, फुगलेलं, तळलेलं पीठ आणि वर वाटीभर पिठीसाखर. सोबत चिकरी घातलेली कॉफी, आपल्या फिल्टर कॉफीच्या जवळची. खाताना हसू नका, श्वासही बेतानं घ्या. आणि काळा शर्ट घालून अजिबात जाऊ नका.

सई_अटलांटा

बायूकाठी, स्वागत. शिकायला चार वर्षं त्या गावात होते, त्यामुळे जरा लांबण लावते.

डेकडन्स पहिल्या भेटीत नको. १९७२ साली ट्रेमे भागातल्या एका घरात उन्हाळा संपताना मित्रमंडळींनी पार्टी केली, तिथून सुरू झालेली गोष्ट आता लाखांत गेली आहे. रविवारची परेड बघण्यासारखी असते. तिचा ग्रँड मार्शल (परेडचा म्होरक्या) आदल्या वर्षीचा मार्शल निवडतो, समिती-बिमिती नाही, आपल्याकडच्या मठातल्या गादीसारखं. पण हॉटेलचे दर तिप्पट, गर्दीत कोपराला कोपर, आणि हवा अशी की दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुकं. शिवाय ऐन वादळांचा हंगाम. कतरिना २९ ऑगस्ट २००५ ला आलं, आयडा २९ ऑगस्ट २०२१ ला. कतरिनानंतरच्या रविवारी गाव बुडालेलं असताना फ्रेंच क्वार्टरमध्ये (गावाचा जुना भाग) उरलेल्या मूठभर लोकांनी तरीही डेकडन्सची परेड काढली होती. कौतुक आहेच, पण तुम्ही हॉटेलचे पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. किंवा सरळ नोव्हेंबरात जा.

गावाचा नकाशा सोपा. बर्बन स्ट्रीटवर कॅनॉल स्ट्रीटकडून चालायला लागलात की आधी सगळा गोंगाट, बॅचलर पार्ट्या, हिरव्या प्लास्टिकच्या नळकांड्यांतली दारू. सेंट ॲन स्ट्रीटचा चौक आला की एकदम इंद्रधनुषी झेंडे दिसतात. एका कोपऱ्यावर ऑझ, समोर बर्बन पब. तिथले लोक या चौकाला जांभळी रेघ म्हणतात. त्याच्या पुढचं बर्बन निवांत होत जातं. नाचायचं नसेल तर हे दोन्ही बार सोडा (ऑझचा ड्रॅग शो, म्हणजे पुरुषांनी बायकांच्या वेषात केलेला कार्यक्रम, मात्र एकदा बघा) आणि पुढे ड्युमेनच्या कोपऱ्यावर कॅफे लाफीट इन एग्झाइलला जा. किंवा डॉफीन स्ट्रीटवर गुड फ्रेंड्स. तिथे तुम्हाला कोणी 'सर' म्हणणार नाही, 'बेबी' म्हणतील. त्या गावात पोस्टमनही 'बेबी' म्हणतो.

लाफीटच्या नावाची गोष्ट : दारूबंदी उठली त्या वर्षी, १९३३ मध्ये, जवळच्याच एका जुन्या लोहारशाळेच्या इमारतीत हा बार निघाला. १९५३ मध्ये ती इमारत विकली गेली आणि गिऱ्हाइकं, ग्लास, गप्पा सगळं उचलून चौकभर अलीकडे आलं. म्हणून 'हद्दपारीतलं लाफीट'. देशातला सर्वांत जुना अखंड चालू असलेला गे बार आम्हीच, असा त्यांचा दावा आहे.

हात धरण्याबद्दल : क्वार्टर आणि शेजारच्या मॅरिनीमध्ये निर्धास्त धरा. लैंगिक कलावरून भेदभाव करायला शहराने १९९१ पासूनच बंदी घातली आहे. राज्याचा तसा कायदा नाही. म्हणजे आय-१० वर पेट्रोल भरायला उतराल तेव्हा रूममेट, शहरात शिराल तेव्हा नवरा. याचा सराव तुम्हाला आहेच म्हणा.

एक तक्रार नोंदवून ठेवते. हे सगळं पुरुषांचं जग आहे. एलिसियन फील्ड्स रस्त्यावर शार्लीन्स नावाचा बायकांचा बार होता, १९९९ मध्ये बंद झाला. मी पोचले तोवर लोक त्याच्या फक्त आठवणी सांगायचे. झेंडे शंभर आणि बायकांना बसायला आपलं असं ठिकाण नाही.

सडेतोड

या संस्थळाची पातळी कुठे चालली आहे? इथे लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक वाचतात. ज्याने त्याने घरात काय करायचं ते करावं, त्याचे चव्हाट्यावर धागे कशाला? आपल्या संस्कृतीत हे [प्रतिसादाचा उर्वरित भाग काढून टाकला आहे. वैयक्तिक टीका टाळावी. – संपादक मंडळ]

जुना_गिरगावकर

सडेतोडराव, मी ज्येष्ठ नागरिक. वय ७१. वाचतो आहे, आनंदाने. माझी काळजी करू नये.

'घरात काय करायचं ते करावं' म्हणता, पण घरातच तर कधी करता आलं नाही हो. चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं सात. तुमच्या भाषेत चव्हाटा तोच आमचा आडोसा होता. बोरीबंदरचा फलाट, आझाद मैदानाचा कोपरा, आणि हवालदाराला द्यायला खिशात सुटे पैसे. १९९० मध्ये अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं तेव्हा ते मी वर्तमानपत्राच्या घडीत लपवून वाचलं. पुढे कुलाब्यात व्हूडू नावाचा पब होता, शनिवारी रात्री तिथे आपली माणसं जमायची. चाळिशी उलटल्यावर एकदा गेलो होतो. दारात उभा राहून आतला उजेड पाहिला आणि परत आलो.

बायूकाठी, तुम्ही जा. व्हूडूचं माहेरघर तेच गाव ना? परत आलात की सविस्तर लिहा. आम्ही इथूनच जाऊन येऊ.

मांडवीपार

काकांना दंडवत.

मी गोंयकार, त्यामुळे मार्डी ग्राबद्दल (न्यू ऑर्लिन्सचा कार्निव्हल) बोलायचा हक्क आपोआप माझ्याकडे येतो. आमचा इंत्रुज आणि त्यांचं मार्डी ग्रा एकाच कॅलेंडरातलं. उपासाचा महिना लागायच्या आधी खाऊन-पिऊन-नाचून घ्या, बुधवारी कपाळाला राख. आमच्याकडे किंग मोमो, त्यांच्याकडे रेक्स.

गे लोकांचा आणि मार्डी ग्राचा संबंध मात्र नुसत्या मजेचा नाही. एरवी पुरुषाने बाईचे कपडे घालून रस्त्यावर यावं तर पोलीस उचलायचे. मुखवट्याची मोकळीक त्या एका दिवशी. (कोकणातला शिमगा आठवा. बाप्ये लुगडं नेसून राधा होऊन नाचतात, सगळं गाव बघतं, दुसऱ्या दिवशी तोच माणूस होडी घेऊन जातो.) तर १९५८ मध्ये काही गे मंडळींनी आपली स्वतःची 'क्रू' काढली. क्रू म्हणजे मार्डी ग्राची मंडळं, आपल्या गणेशोत्सव मंडळांसारखी. वर्गणी, सजावट, भांडणं, सगळं असतं. नाव काय ठेवलं? क्रू ऑफ युगा! मी ते वाचून उडालोच. १९६२ मध्ये त्यांच्या बॉलवर (नाचाच्या समारंभावर) शहराबाहेर धाड पडली. जवळजवळ शंभर जण पकडले, वर्तमानपत्रात नावं छापली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. युगा संपली.

धडा घेतला तो क्रू ऑफ पेट्रोनियसने. त्यांनी रीतसर राज्य सरकारकडून सनद काढली. सनद असलेल्या मंडळाचा बॉल म्हणजे खासगी समारंभ, आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. पोलिसांनाही नाही! ज्या राज्याचा कायदा त्यांना गुन्हेगार म्हणत होता त्याच राज्याचा शिक्का दारावर. हे डोकं कोकणी माणसाचंच वाटतं मला.

सई_अटलांटा

मांडवीपार, मस्त लिहिलंत. आता एक जड गोष्ट. आधी लिहू की नको असं झालं होतं, पण तिथे जाणाऱ्याला माहीत हवी.

क्वार्टरमध्ये शार्ट्र आणि आयबरव्हिल रस्त्यांच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर अपस्टेअर्स लाउंज नावाचा बार होता. २४ जून १९७३, रविवार संध्याकाळ. स्वस्त बिअरची वेळ नुकतीच संपलेली, काही लोक पियानोभोवती गात होते. त्यांतले बरेच एका गे-स्नेही चर्चचे सभासद. जिन्यात कोणीतरी पेट्रोलसारखं काही ओतून आग लावली. दार उघडताच ज्वाळा आत आल्या. खिडक्यांना गज. बडी रासम्युसेन या बारवाल्याने वीसेक जणांना मागच्या दाराने छपरावरून बाहेर काढलं. ३२ माणसं गेली.

त्यापुढचं वाचून मला जास्त त्रास झाला होता. काही घरच्यांनी प्रेतं ताब्यात घेतली नाहीत. रेडिओवर विनोद झाले. बऱ्याच चर्चनी प्रार्थनासभेला जागा नाकारली. शेवटी सेंट मार्क्स नावाच्या मेथडिस्ट चर्चने दार उघडलं. सभा संपताना बाहेर कॅमेरे उभे आहेत, हवं तर बाजूच्या दाराने जा, असं लोकांना सांगण्यात आलं. सगळे पुढच्याच दाराने बाहेर पडले, असं तिथले जुने लोक सांगतात. खटला कोणावरच उभा राहिला नाही. ज्याच्यावर संशय होता त्याने पुढच्या वर्षी आत्महत्या केली. शहराच्या कौन्सिलने माफी मागितली ती २०२२ मध्ये, एकोणपन्नास वर्षांनी.

२००३ मध्ये तिथे फुटपाथमध्ये एक ब्राँझची पाटी बसवली. शोधावी लागते. शोधा.

एकशिंगी_गेंडा

वाचनखूण साठवली. हा कोपरा कुठल्याच टूरवाल्याने दाखवला नाही. मी दोनदा जाऊन आलोय त्या गावात, मगर बघून परत.

बायूकाठी

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला भाषांतर करून ऐकवला. तो बराच वेळ बोललाच नाही.

नोव्हेंबरचं नक्की केलं. गाडीने जातोय. पार्किंग, दारू, रस्ते याबद्दल काही?

एनएच_४

गाडी हॉटेलात एकदा लावली की परत निघेपर्यंत चावी हातात घेऊ नका. क्वार्टर पायी फिरायचंच गाव आहे, बाकी ट्राम सव्वा डॉलरमध्ये सेंट चार्ल्स रस्त्याच्या झाडांखालून फिरवते.

शहरात ग्लास प्लास्टिकचा असेल तर तो घेऊन रस्त्यावर फिरता येतं, 'गो कप' म्हणतात. काच चालत नाही. पण गाडीत हा नियम लागू नाही! लुइझियानात गाडीतून न उतरता डाकिरी (बर्फाळ कॉकटेल) विकत मिळते. झाकणावर स्ट्रॉच्या भोकावर चिकटपट्टी असते, ती आहे तोवर कप बंद, स्ट्रॉ खुपसली की उघडा. आणि तुम्ही व्हिसावर असाल तर नीट वाचा : पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, दोष सिद्ध झाला नाही, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. माझ्या ओळखीच्या एकाचं झालंय. भारतात गेला, परत यायला आठ महिने.

ॲचाफलायाच्या दलदलीवरचा पूल अठरा मैलांचा आहे. वेगमर्यादा पाळा, तिथे पोलीस असतातच. आणि कोणी रस्त्यात म्हणालं 'तुम्ही बूट कुठे मिळवलेत ते मी ओळखतो, लावा पैज', तर हसून पुढे चला. उत्तर 'बूट तुमच्या पायात, पाय बर्बन स्ट्रीटवर' असं असतं आणि त्याचे वीस डॉलर मागतात.

बायूकाठी

परत आलो. वचन दिल्याप्रमाणे लिहितो, पण प्रवासवर्णन जमत नाही, आठवेल तसं घ्या.

हॉटेलात पहिलाच प्रसंग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'एकच मोठा पलंग दिसतोय, दोन वेगळे करून देऊ का?' सवयीने माझ्या तोंडून 'हो, प्लीज' निघून गेलं. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस. मग तोच म्हणाला, 'नको, आमचं लग्न झालंय.' ती म्हणाली, 'अरे वा, बेबी,' आणि पेढ्यासारखं काहीतरी हातावर ठेवलं. पेकन घातलेली प्रलीन. आईच्या हातच्या दाण्याच्या वड्या आठवल्या.

बूटवाला भेटला. एनएच_४, तुम्ही सांगूनही आमच्या साहेबांनी पैज लावलीच.

शुक्रवारी ऑझला ड्रॅग शो पाहिला. छान होता, आवाज सोसवला नाही, साडेदहाला बाहेर. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) दारावर नवऱ्याचं ओळखपत्र दोनदा तपासलं, आमच्या पुढच्या गोऱ्या पोरांचं एकदाही नाही. सई, याबद्दल तू लिहिलं नव्हतंस. तो म्हणाला, सोड. मी सोडलं, पण तिथे प्यायलो नाही. शनिवारी फ्रेंचमन स्ट्रीटवर नुसते फिरत गाणी ऐकली. एका दुकानात बाउन्स (तिथलं हिप-हॉप) वाजत होतं. बिग फ्रिडिया, केटी रेड, ही सगळी तिथल्याच काळ्या वस्त्यांतून आलेली गे-ट्रान्स मंडळी, आणि ताल असा की कमरेचं दुखणं असलेल्या माझ्याही खांद्यांनी हालचाल केली. झेंड्यांच्या चौकात हे ऐकू आलं नाही. ते तसं का, हे शहरात दोन दिवस काढले की कळतं.

आणि रविवार.

सकाळी ती पाटी शोधली. दोनदा तिच्यावरून चालत गेलो तरी दिसली नाही, रहदारीचा फुटपाथ आहे. मग नवऱ्याने हाक मारली. मी खाली पाहिलं तर माझा पाय नावांवर. आपल्याला कसं पुस्तकाला पाय लागला की होतं, तसं झालं. वाकलो, हात लावला, डोळ्यांना लावला. मागून एक बाई बाबागाडी घेऊन येत होती, ती थांबली आणि वळसा घालून गेली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

दुपारी चारला लाफीटमध्ये. मी जो प्रश्न घेऊन हा धागा काढला होता त्याचं उत्तर तिथे बसलेलं होतं. बारच्या टोकाला दोघं, पंच्याहत्तरीच्या आसपासचे. एकाच्या कानात यंत्र. दुसरा त्याचा चष्मा शर्टाच्या टोकाने पुसून परत त्याच्या नाकावर बसवत होता. बास, एवढंच. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि दोन म्हातारे पुरुष नवरा-नवरा म्हणून एकत्र बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. सांगलीत पाहणं शक्य नव्हतं. ह्यूस्टनातही आम्ही आमच्याच वयाच्या लोकांत वावरतो. इथली ती पिढी एड्सने कापून नेली, तिकडची लग्नं करून गप्प बसली. म्हातारपणी आपण कसे दिसू याचं चित्रच डोक्यात नव्हतं. आहे ते असं, कानात यंत्र आणि पुसलेला चष्मा.

संध्याकाळ झाली तशी गर्दी वाढली. रविवारी तिथे जुनी डिस्को गाणी लावतात, आणि एका ठरावीक गाण्यावर सगळा बार एकदम कागदी रुमाल हवेत उडवतो. सगळीकडे पांढरं. आमच्या डोक्यावर, ग्लासात, त्या दोघांच्या खांद्यांवर. मी नाचलो नाही, पण रुमाल उडवले. घड्याळात नंतर पाहिलं, साडेअकरा वाजून गेले होते.

सई_अटलांटा

ओळखपत्राचं लिहायला हवं होतं. मी गोरी दिसते असं नाही, पण मुलगी म्हणून दारावर अनुभव वेगळा येतो, त्यामुळे सुचलं नाही. चूक कबूल. बाकी... डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, कांदा चिरतेय.

कडीपत्ता

खाल्लं काय ते एका ओळीतही नाही! निषेध.

बायूकाठी

तीन दिवस बेन्ये, ग्रिट्स (मक्याची लापशी), आणि एका व्हिएतनामी दुकानात टोफूचं सँडविच. काळा शर्ट नवऱ्याने घातला होता. फोटो आहेत, टाकणार नाही.

जुना_गिरगावकर

दोनदा वाचलं. ते टोकाला बसलेले दोघं काय पीत होते, पाहिलंत का?

बायूकाठी

पाहिलं नाही काका, विचारलं. एकाचा लिंबू-सोडा, डॉक्टरांनी बंद केलीय. दुसऱ्याची व्हिस्की, तीही त्याच्याच ग्लासातून अधूनमधून पहिला पीत होता. दर रविवारी चारला येतात म्हणाले. तुम्ही ह्यूस्टनपर्यंत या, पुढे गाडी मी चालवतो.

जुना_गिरगावकर

पासपोर्ट २०१९ मध्येच संपला. भाच्याला विचारतो अर्ज ऑनलाइन कसा भरतात ते. कशासाठी हवाय म्हणून विचारलं तर सांगेन, बेन्ये खायला.